नाव काय होतं त्यांचं?

पोस्ट लांबलीय. दोन भागांत टाकली तर दुसरा भाग कुणी वाचत नाही असा अनुभव आहे, म्हणून एकदमच लिहितेय. शेवटी एक विनंती आहे, खास करून आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मंडळींना. बाकी नाही जमलं तरी तेवढी वाचा.

इथे इंग्लंडमध्ये नोव्हेंबरचा दुसरा रविवार म्हणजे रिमेंबरन्स संडे. पहिलं महायुद्ध थांबलं 11 नोव्हेंबर 1918 ला, सकाळी अकरा वाजता. त्या सुमाराचा रविवार धरून देशभर युद्धात गेलेल्यांची आठवण काढतात. लंडनचा कार्यक्रम टीव्हीवर दिसतो. तिथे राजा असतो, मंत्री असतात. पण प्रत्येक छोट्या गावातही तो असतो, गावच्या स्मारकापाशी. आम्ही राहतो ते गाव असंच छोटं आहे. सहा वर्षं झाली इथे. पहिली पाच वर्षं मी कधी गेले नाही. थंडी असते, रविवार असतो, आणि खरं सांगायचं तर मनात अढी होती. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या सैन्याला मी कशाला नमस्कार करू?

गेल्या वर्षी जावं लागलं, कारण मुलगी स्काउटमध्ये जायला लागली. त्या दिवशी स्काउटची सगळी पोरं संचलनात असतात आणि आई-बाप मागे उभे असतात.

चर्चच्या कोपऱ्यावर दगडी खांब आहे. रोज त्याच्यासमोरून बसला जाते, पण त्यावरचं कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी तिथे पाच-सहाशे माणसं होती. गावचा बँड, फायर ब्रिगेडचे लोक, गळ्यात साखळी घातलेल्या महापौर बाई, म्हातारे सैनिक, बाबागाडीतली पोरं. प्रत्येकाच्या कोटावर लाल कागदी पॉपी. अकराला घड्याळाचे ठोके पडले. बिगुलवर लास्ट पोस्ट वाजलं, निशाणं जमिनीपर्यंत झुकली आणि दोन मिनिटं सगळे गप्प. एक बाळ रडत होतं, दूर कुठे तरी कुत्रं भुंकत होतं, एवढाच आवाज. मग परत बिगुल वाजलं आणि निशाणं वर आली.

मला वाटलं, आता भाषणं होणार. आपल्या सवयीनं मी पाय बदलून उभी राहिले. पण भाषण झालंच नाही. गावचे खासदार आले होते. त्यांनी पुष्पचक्र ठेवलं, मान झुकवली आणि मागे जाऊन उभे राहिले. माईक त्यांच्या हातात गेलाच नाही. माईक घेतला शाळेतल्या दोन मोठ्या मुलांनी आणि खांबावरची नावं वाचायला सुरुवात केली. आडनावांच्या क्रमानं, एकामागून एक. पहिल्या युद्धाची 94 नावं, मग दुसऱ्याची. एकाच आडनावाची तीन नावं लागोपाठ आली तेव्हा शेजारच्या बाईंनी डोळे मिटले. हुद्दा नाही, पराक्रम नाही, घोषणा नाहीत. फक्त नावं. सात-आठ मिनिटं लागली असतील.

माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते. त्यांच्या कोटावर उजव्या बाजूला मेडलं होती. मी आपली विचारायला म्हणून विचारलं, तुम्ही सैन्यात होता का? ते म्हणाले, "नाही. ही माझ्या आजोबांची. स्वतःची असली तर डावीकडे लावतात, घरच्यांची असली तर उजवीकडे." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्याकडचं कुणी होतं का?"

मी पटकन म्हणाले, "हो. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. मेसोपोटेमियात गेले."

त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

आणि मला नाव माहीत नव्हतं.

आमच्या घरात त्यांना सगळे "बसऱ्याचे आजोबा" म्हणत. बसऱ्याला गेले, परत आले नाहीत, म्हणून बसऱ्याचे. एवढंच मला माहीत होतं. ज्या गावात 94 माणसांची नावं दरवर्षी माईकवरून वाचतात, त्या गावात उभी राहून मी घरच्या एका माणसाचं नाव सांगू शकले नाही. आजोबा चांगले होते, "असू दे, असू दे" म्हणाले. पण घरी येईपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

संध्याकाळी आत्याला फोन लावला. आत्या पंचाहत्तरीच्या पुढे आहे. गावातच असते.

"आत्या, बसऱ्याच्या आजोबांचं नाव काय गं?"

"अगं, नाव कुठलं आठवतंय. बसऱ्याचेच म्हणायचो की आम्ही. आन् आजी काय त्यांचं नाव घेनार हाय का?"

बरोबर होतं. नवऱ्याचं नाव बायको घेत नसे आणि विधवेला उखाणा घ्यायला कोण सांगणार? ती बसऱ्याची आजी मात्र आत्याला चांगली आठवते. आत्या लग्न होऊन गेली तेव्हाही ती होती. पंधरा-सोळा वर्षांची असताना नवरा बोटीत बसून गेला, आणि पुढची साठेक वर्षं ती त्याच घरात राहिली. कांडण-दळण, भांगलण, दुसऱ्यांची पोरं सांभाळणं. बरीच वर्षं तिनं कुंकू पुसलं नव्हतं म्हणे, कारण मेल्याचं कुणी बघितलं नव्हतं. श्राद्ध घालायचं तर तिथी माहीत नाही, म्हणून दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला पान वाढायचे.

मग आत्या सहज म्हणाली, "तिची ती देवी तेवढी चांगली हुती."

"कसली देवी?"

"अगं, पितळंची तबकडी हुती, हाताच्या पंज्याएवढी. सरकारातनं आली हुती म्हनं. तिच्यावर बाई हुती उभी, हातात तिरसूळ, आन् म्होरं शिव्ह. आंबाबाईच म्हन की. आजी देवघरात ठेवायची. रोज हळद-कुंकू."

मी फोन धरून गप्पच बसले. कारण ती तबकडी काय होती ते मला समजलं होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं मेलेल्या माणसाच्या घरी सरकार काशाची गोल तबकडी पाठवत असे. त्यावर ब्रिटानियाचं चित्र, हातात त्रिशूळ, पुढे सिंह. कडेनं इंग्रजीत लिहिलेलं, की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. गुलाम देशातल्या माणसाच्या घरीही तोच मजकूर यायचा. आणि एका चौकोनात, उठावाच्या अक्षरांत, त्या माणसाचं नाव.

म्हणजे नाव घरातच होतं. साठ वर्षं देवघरात होतं, हळद-कुंकवाखाली. इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, आणि नंतर जे शिकले त्यांनी देवाला हात लावून बघितला नाही.

"आता कुठे आहे ती, आत्या?"

"आजी गेल्यावर कासाराला दिली मोडीत. दोन तांबे आले बघ."

आत्याला मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

आता थोडा इतिहास, कारण शाळेत हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. सगळ्यात जास्त गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. 1915 साली बगदादवर चालून गेलेल्या तुकडीचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठ्यांच्या पलटणी होत्या. 22 नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली. चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले मागे हटत कूत या गावात आले आणि तिथे तुर्कांनी त्यांना वेढलं. 147 दिवस वेढा. धान्य संपलं तेव्हा घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस खायला नकार दिला आणि उपाशी राहिले. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, आणि वाळवंटातून चालवत नेताना आणि छावण्यांत त्यातली किती तरी मेली.

ज्यांची कबर किंवा चिता कुठे ते माहीत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. आता नीट वाचा. त्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. पण साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली आकडा. अमुक पलटण, इतर शिपाई इतके. बस. त्याच सरकारनं फ्रान्समध्ये नव-शापेलला हिंदी सैनिकांचं स्मारक केलं, तिथे मात्र 4,700 हून जास्त माणसांची नावं आहेत. युरोपात मेलात तर नाव, इराकात मेलात तर आकडा.

हे मी आकसानं म्हणत नाही. 2021 साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं स्वतःच अहवाल काढून हे कबूल केलं. आशिया-आफ्रिकेतली किमान 1 लाख 16 हजार माणसं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं नोंदलीच गेली नाहीत किंवा अजिबात नोंदली गेली नाहीत, असा त्यांचाच अंदाज. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

हे वाचून मला चांगलाच राग आला. आणि त्या रागातच मला आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीतली पाटी आठवली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अशी पाटी बघितली असेल. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत ती आहे. चावडीत, देवळापाशी, जुन्या शाळेत. पांढरा दगड. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्या गावच्या पाटीवर 83 गेले आणि 9 मेले असं आहे. नाव एकही नाही. आम्ही त्या पाटीखाली डबे खाल्ले. वरच्या बाजूला खिळा ठोकून दप्तरं टांगली. आज तिच्यावर चुन्याचे दोन हात बसलेत आणि पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे.

इंग्रजांनी आकडा लिहिला, हे खरंच आहे. पण इंग्रज जाऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. त्या आकड्याखाली नऊ नावं लिहायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

हे सगळं मी आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर लिहिलं, तर वाद झाला. एक जण म्हणाला, "ते भाडोत्री होते. इंग्रजांच्या पगारासाठी लढले. त्यांना काय शहीद म्हणायचं?" दुसरा म्हणाला, "पॉपी लावून गोऱ्यांची चाटायची हौस." राग आला, पण मुद्दा टाळण्यासारखा नाही, कारण माझ्या मनातली अढी तीच होती.

माझं उत्तर एवढंच आहे. मी त्यांना शहीद म्हणा असं म्हणत नाहीये. कशासाठी लढले याचा निवाडा करायला आधी ते कोण होते हे तरी माहीत पाहिजे. 1914 साली शिपायाला महिना 11 रुपये मिळत. आमच्याकडे चार भावांत कोरडवाहू तुकडा होता. धाकटा गेला म्हणजे घरात एक तोंड कमी आणि 11 रुपये जास्त. त्याला राजाचं युद्ध कळत होतं असं मला वाटत नाही. आणि हा प्रश्न तेव्हाच्या मोठ्या माणसांनाही सोपा नव्हता. 1918 साली गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव हिंडत होते. त्याच वर्षी मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी होमरूलचा विषय काढला तर गव्हर्नरनं त्यांना बोलू दिलं नाही. आणि 1919 च्या एप्रिलमध्ये जालियनवाला बागेत गोळीबार झाला, तेव्हा गोळ्या झाडणारे शिपाईही त्याच हिंदी फौजेतले होते. हे सगळं खरं आहे आणि एकाच वेळी खरं आहे. नाव पुसून यातलं काहीच सोपं होत नाही.

नाव असलं की काय होतं, हे आपल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. भीमा कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनीच उभारला, स्वतःच्या विजयासाठी. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली होती. त्यातली 'नाक' शेवटी असलेली नावं लोकांनी वाचली, ओळखली, ही आपली माणसं म्हणाले. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले. आज लाखो लोक जातात. स्तंभावर नुसता आकडा असता तर हे घडलं असतं का, याचा विचार करा.

म्हणून आम्ही नाव शोधायला घेतलं. आम्ही म्हणजे मी इथून आणि वडील तिथून.

नाव सापडलं ते जमिनीच्या कागदांत. वडिलांनी तहसील कचेरीत चकरा मारून जुना फेरफार काढला. मोडी-बाळबोध मिसळलेला, कोपरे गेलेला. त्यात आमच्या खापरपणजोबांच्या चार मुलांची नावं होती, आणि तिसऱ्याच्या नावापुढे "लढाईवर मयत". त्याचा हिस्सा भावांच्या नावावर चढला. बायकोचा उल्लेख एका शब्दात, "विधवा". तिचं नाव लिहायची कारकुनाला गरज वाटली नाही. तेव्हाच्या रिवाजानं तिला अन्नवस्त्र होतं, हिस्सा नव्हता.

नाव हातात आल्यावर मी वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर बसले. बसऱ्याच्या दगडावर जी नावं नाहीत ती त्यांच्या वह्यांत होती, आणि त्या वह्यांवरून आता वेबसाइटवर शोधता येतात. सोपं नाही. शिपायाचं आडनाव नसतं, फक्त पहिलं नाव, आणि तेही इंग्रज कारकुनाला ऐकू आलं तसं. आमच्या माणसाच्या नावाचे कितीतरी जण निघाले. गावांची नावं ओळखू येत नाहीत इतकी बिघडलेली. तीन रात्री गेल्या. शेवटी एक नोंद जुळली. बापाचं नाव बरोबर. गाव वेडंवाकडं, पण आमचंच. जिल्हा सातारा. 110वी मराठा पलटण. मृत्यू 22 नोव्हेंबर 1915.

टेसिफॉनचा पहिला दिवस. म्हणजे कूतचा वेढा, उपासमार, कैद यातलं काहीच त्यांच्या वाट्याला आलं नाही. वडिलांनी जुनं पंचांग बघितलं. आदल्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. म्हणजे गावात देवळाच्या दीपमाळेवर त्रिपूर लावले गेले असतील, आणि त्याच चांदण्यात ही माणसं तिकडे रात्रभर चालत होती. तिथी निघाली, कार्तिक वद्य प्रतिपदा. शंभराहून जास्त वर्षं सर्वपित्रीला वाढलेलं पान आता प्रतिपदेला वाढायचं, असं वडिलांनी ठरवलं.

पण मला रडू आलं ते त्यावर नाही. त्या नोंदीत बापाच्या नावानंतर अजून एक ओळ होती. अमुकचा मुलगा, आणि पुढे, अमुकचा नवरा. तिचं नाव होतं तिथे. बसऱ्याच्या आजीचं.

आमच्या घरात साठ वर्षं राबलेल्या बाईचं नाव आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. उताऱ्यावर नाही, फेरफारात नाही, आत्याच्या आठवणीतसुद्धा नाही. आम्ही तिला तिचा नवरा जिथे मेला त्या गावाच्या नावानं हाक मारत होतो. ज्या सरकारनं तिच्या नवऱ्याचा दगडावर आकडा केला, त्याच सरकारच्या वहीत तिचं नाव शिल्लक राहिलं. याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी आत्याला फोन करून ते नाव सांगितलं. आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चांगलं हुतं की गं नाव."

या रविवारी मी परत गेले. या वेळी मुलीसाठी नाही, माझ्यासाठी. ते आजोबा त्याच जागी होते. त्यांना नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा चुकीचं, तिसऱ्यांदा बरं जमलं. स्मारकाच्या पायथ्याशी हिरवळीवर छोट्या लाकडी खुणा रोवतात, त्यावर आपल्या माणसाचं नाव लिहायचं असतं. मी मार्करनं देवनागरीत दोन नावं लिहिली, त्यांचं आणि तिचं. मुलीनं विचारलं, ती पण लढाईत होती का? मी म्हटलं, तिचं जन्मभर चाललं.

ती दोन्ही नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये. वडिलांचं म्हणणं, "आधी गावात लिही, मग फेसबुकावर." पटलं.

आता विनंती.

तुमच्या गावात ती पांढरी पाटी असेल तर आधी तिच्यापुढचा फ्लेक्स काढा आणि फोटो टाका. दगड घासू नका, ॲसिड लावू नका, पाणी आणि मऊ ब्रश पुरे. आकडा वाचा. मग त्या आकड्याची नावं शोधा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाच्या घरी "बसऱ्याचा", "लढाईवर गेलेला" असं कुणी होतं का. जुने फेरफार काढा. वेबसाइटवर गावाचं नाव चार-पाच तऱ्हांनी लिहून बघा, जिल्हा टाकून बघा. मोडी वाचणारं कुणी लागलं तर सांगा, दोघं-तिघं तयार आहेत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. पाटीवरच्या आकड्यात जात लिहिलेली नाही. गेले ते फक्त पाटलाच्या वाड्यातले नव्हते. 1917 साली 111वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडून टाकली. शिवाय पाणी वाहणारे, खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, हमाल असे कितीतरी गेले, ज्यांना शिपाई म्हणूनही मोजलं नाही. म्हणून शोधायचं तर सगळ्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन शोधायचं. नाही तर एक आकडा पुसून आपण आपल्याच भावकीची यादी लावू, आणि इंग्रजांनी केलं तेच परत करू. आणि जिथे सापडेल तिथे बायकोचं नाव, आईचं नावही लिहायचं.

दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, ती स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली. ही माणसं त्यात बसत नाहीत. इंग्रजांच्या दगडावर ते आकडा आहेत. म्हणजे त्यांना गावाशिवाय दुसरी जागा नाही. आपल्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीनं पहिल्या महायुद्धातल्या आपल्या 46 माणसांची आठवण जपली आहे. ते गाव करू शकतं तर आपण का नाही?

26 जानेवारीला ग्रामसभा आहे. आमच्या गावच्या सभेत वडील ठराव मांडणार आहेत. जुन्या पाटीला हात न लावता तिच्याखाली दुसरी पाटी लावायची आणि त्यावर नावं लिहायची. नऊपैकी आत्तापर्यंत चार सापडलीत. पाच बाकी आहेत. गावातली जी मंडळी हे वाचतायत त्यांनी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. उद्या विचारू म्हणून मी चाळीस वर्षं घालवली आणि तबकडीचे दोन तांबे झाले.